फोटोत आपलं मूल शोधताना

रात्री दीड वाजता ग्रुपवर फोटो येतो. ऑस्ट्रियात तेव्हा दहा वाजलेले असतात, मुलं जेवूनखाऊन हॉस्टेलवर परतलेली असतात. पायऱ्यांवर ओळीने ३८ मुलं बसलेली. आपण काय करतो? दोन बोटांनी फोटो मोठा करतो आणि एकच चेहरा शोधत राहतो. सापडला की तिथेच अडकतो. हसतेय, पण डोळे का असे? स्वेटर का नाही घातला? नेहमीची मैत्रीण शेजारी का नाही, काही बिनसलं की काय? बाकीची ३७ मुलं आपल्याला दिसतसुद्धा नाहीत.

मी हे बारा रात्री केलं. २०२५च्या जुलैत माझी तेरा वर्षांची लेक तिच्या क्वायरबरोबर साल्झबुर्ग आणि व्हिएन्नाला गाऊन आली. तोवर ती एकटी गेली होती ती फक्त मावशीकडे कोल्हापूरला, तीही एसटीत माझ्या ओळखीच्या बाईंशेजारी बसून. तुमच्यापैकी कुणाचं मूल अशाच कुठल्या दौऱ्यावर निघालं असेल, तर त्या दिवसांत माझं काय झालं ते सांगावंसं वाटतं. तेव्हा मला असं सांगणारं कुणी हवं होतं.

दुसऱ्याच संध्याकाळी ती फोनवर रडली. “आई, मला घरी यायचंय.” एवढंच. माझ्या पोटात गोळा आला. तिच्या बाबाने तर लॅपटॉप उघडून परतीच्या तिकिटांचे दर बघायला सुरुवात केली. रात्रभर आम्ही दोघं छताकडे बघत पडलो होतो. सकाळी मुलांबरोबर गेलेल्या ताईंना घाबरत घाबरत मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, “तुम्हाला फोन करेपर्यंत ती पत्ते खेळत होती. फोननंतर तोंड धुतलं आणि दहा मिनिटांत तालमीला आली. काल तिनेच सगळ्यांना झोपू दिलं नाही.”

हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर थोडं दुखलंही. म्हणजे रडू माझ्या आवाजाने येत होतं? त्यावर बराच विचार केला. दिवसभर मूल नव्या जागेत, नव्या चवींत, नव्या माणसांत स्वतःला सावरून धरतं. आईचा आवाज ऐकला की ती पकड सैल होते, कारण तिथे सावरायची गरज नसते. शाळेतून हसत आलेलं मूल दारात आपल्याला बघून रडायला लागतं, तसंच हे. रडू आपल्यापाशी येतं, यात आपल्यावरचा विश्वास असतो. पण आपण दिवसातून तीनदा फोन केला, तर त्या मुलाने तीनदा सावरायचं तरी कसं?

आमच्या क्वायरच्या सरांनी निघण्याआधीच सांगितलं होतं, की एक दिवसाआड फोन आणि तो मुलांनीच करायचा. पालकसभेत आम्ही सगळे कुरकुरलो होतो. मी तर बोललेही, “एवढं कडक कशाला?” त्या नियमामागे कितीतरी मुलांना सांभाळल्याचा अनुभव होता, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

आणि माझे प्रश्न तरी कसे होते! “जेवलीस का? झोप लागते ना? कुणी त्रास देत नाही ना? थंडी वाजत नाही ना?” प्रत्येक प्रश्नातून मी तिला सुचवत होते की काहीतरी बिघडलेलं असणारच, शोध. पुढच्या फोनला मी ठरवून घरचं सांगितलं. खालच्या काकूंच्या मांजरीला तीन पिल्लं झाली, गॅलरीतल्या मोगऱ्याला मुंग्या लागल्या, बाबाने वरणाला फोडणी देताना मोहरी जाळली. ती खदखदून हसली, चार मिनिटं भरभर बोलली आणि म्हणाली, “ठेवते हं, सगळे थांबलेत माझ्यासाठी.” फोन ठेवल्यावर मात्र मीच रडले.

मूल जेवायचं बंद झालं, रात्र रात्र झोपत नसलं, गायलाही उभं राहीना, तर गोष्ट वेगळी. तेव्हा सोबतच्या मोठ्यांशी बोलायचं, आणि लगेच बोलायचं. फोनवरचं पाच मिनिटांचं रडू त्यातलं नसतं, एवढंच.

बॅगेबद्दलही सांगते. निघायच्या आदल्या रात्री मी ती भरली. वीस ठेपले, मेतकूट, भाजणी, लिंबाचं लोणचं तीन पिशव्यांत गुंडाळून, गोळ्यांच्या पाकिटांवर चिठ्ठ्या, पाण्याच्या बाटल्या. व्हिएन्नाच्या नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं, १८७३ पासून, आणि लोक ते तसंच पितात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बाटल्यांचं ओझं तरी टळलं असतं. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात म्हणून दिलेले ठेपले मात्र उपयोगी पडले, ते सगळ्या खोलीने मिळून खाल्ले. पण भाजणी जशीच्या तशी परत आली. आणि कार्यक्रमाचे काळे मोजे तिला वेळेवर सापडलेच नाहीत, कारण ते मी ठेवले होते, तिने नाही. मोजे कुठल्या कप्प्यात आहेत ते फक्त मला माहीत होतं आणि मी सहा हजार किलोमीटरवर होते. पुढच्या वेळी बॅग ती भरेल. मी शेजारी बसून यादी वाचेन फार तर. आपण मदत म्हणून करतो आणि त्यातून मुलांचा हात अधू होतो, हे घाईच्या दिवसांत लक्षातच येत नाही.

कागदपत्रांची धावपळ मात्र आपलीच. मूल एकटं जात असेल तर दोन्ही पालकांचं संमतिपत्र नोटरी करून लागतं, जन्मदाखला लागतो, निदान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे तो कपाटात ‘आहेच की’ म्हणून राहतो आणि ऐन वेळी मुदत संपलेली निघते. आमच्याकडे एका घरात तसं झालं. त्या आईबाबांचे ते तीन आठवडे कसे गेले ते मी पाहिलंय. एवढं एक काम लवकर उरका.

आता गाण्याचं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात मोठी चूक मी इथेच केली.

आपल्याकडे गाणं म्हणजे चाल. शाळेतलं समूहगान घ्या, सगळी मुलं एकच चाल एकाच सुरात म्हणतात. गुरुजींकडे गाणं शिकणारं मूल आपल्या पट्टीत, पांढरी चार की काळी पाच, आपापलं गातं. क्वायरमध्ये चार वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी चालतात, सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, आणि चाल बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या आवाजाकडे असते. माझी लेक आल्टोत. पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली, “आई, माझ्याकडे गाणंच नाहीये. मला नुसतं मधलं मधलं दिलंय.”

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. तिचा आवाज वर जातो, तिला सोप्रानोत घ्या, असं म्हणाले. तुम्हीही गेला असतात, मला माहीत आहे. आपल्या मुलाला मधलं मधलं मिळालं की आपल्याला ते सहन होत नाही. सर म्हणाले, “तासाला येऊन बसा.” बसले. तुकोबांचा एक अभंग चार आवाजांत बांधला होता. दोन ओळी झाल्यावर सरांनी आल्टोंना हाताने थांबवलं आणि बाकीच्यांना गात राहायला सांगितलं. गाणं तेच होतं, चाल तीच होती, पण भिंतीतला मधला थर काढून घ्यावा तसं पोकळ झालं. मग आल्टो परत आल्या आणि अंगावर काटा आला. शेजारची मुलगी कानाशी दुसरंच काही गात असताना आपली ओळ सोडायची नाही, आणि तिचं ऐकायचंही सोडायचं नाही, हे माझी तेरा वर्षांची मुलगी करत होती. मला ते अजून जमत नाही, गाण्यात नाही आणि घरातही नाही.

म्हणून दौऱ्यावर कुणाला सोलो मिळाला, कुणाला नाही, कुठल्या स्पर्धेत कुठलं पदक, हे घरी किती चघळायचं याचा जरा विचार करूया. आमच्या ग्रुपवर सोलोवरून दोन आयांचं बोलणं बंद झालं होतं. मुली मात्र एकाच बाकावर बसून एकाच डब्यातून खात होत्या.

एका मुलाचा आवाज निघायच्या महिनाभर आधी फुटला. या वयात कंठ वाढतो, स्वरतंतू लांब होतात, आणि मे महिन्यात सहज लागणारा सूर जुलैत सापडेनासा होतो. व्हिएन्ना बॉईज क्वायरसारख्या १४९८ पासूनची परंपरा सांगणाऱ्या क्वायरमध्ये आवाज फुटला की मुलाला बाहेर पडावं लागतं. आमच्या सरांनी त्याला खालच्या ओळीतले जमतील तेवढेच सूर दिले आणि बरोबर नेलं. त्याची आई मला म्हणाली, “एवढे पैसे भरून हा गाणार काय?” परत आल्यावर मात्र तो तिला रोज एक नवी गोष्ट सांगतो, आणि नव्या आवाजात सांगतो. त्या आवाजाची लाज त्याला घरात वाटत होती. चाळीसेक जणांत मिसळल्यावर ती गेली.

रात्री झोप येत नसे तेव्हा मी मोबाइलवर क्वायरच्या दौऱ्यांबद्दल वाचत बसे. तसं करू नका. १९३९ साली व्हिएन्नाहून मोझार्टच्या नावाचा एक मुलांचा क्वायर जगाच्या दौऱ्यावर निघाला होता. मुलं ऑस्ट्रेलियात असताना सप्टेंबरमध्ये युद्ध पेटलं आणि ती तिथेच अडकली. मेलबर्नचे आर्चबिशप मॅनिक्स यांनी त्यांची शहरातल्या घरांमध्ये राहायची सोय लावली आणि मुलं तिथल्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये गाऊ लागली. हे वाचून मी उठून बसले. व्हिएन्नातल्या त्या आयांकडे ग्रुपवरचा रोजचा फोटो नव्हता. आणि मेलबर्नमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी आईने त्या मुलांना ताट वाढलं होतं, अंथरूण घातलं होतं. त्या बायकांची आठवण मला अजूनही येते. आपलं मूल जाईल तिथेही कुणीतरी ताट वाढणारं असेल, असं त्या रात्री पहिल्यांदा मनापासून वाटलं.

मग एक गोष्ट अशी झाली, जी लेक तिथे असताना मला कळलीच नाही. दौऱ्याच्या चौथ्या दिवशी तिला पहिल्यांदा पाळी आली. परत आल्यावर दहा दिवसांनी, रिक्षात, खिडकीबाहेर बघत तिने सांगितलं. मी बॅगेच्या आतल्या कप्प्यात पॅडचं पाकीट ठेवलं होतं, ते तिला सापडलं. ताईंनी गरम पाण्याची पिशवी दिली. खोलीतल्या दोन मोठ्या मुलींनी तिच्या वाटची आवराआवर केली. माझ्या तोंडून निघून गेलं, “मला का नाही सांगितलंस?” तक्रारीच्याच सुरात. ती शांतपणे म्हणाली, “तू घाबरली असतीस.”

त्यावर मला बोलता आलं नाही. मी कितीतरी महिने त्या क्षणाची तयारी केली होती. काय सांगायचं, कसं जवळ घ्यायचं. तो क्षण दुसऱ्याच बायकांच्या वाट्याला गेला, आणि त्यांनी तो छान सांभाळला. तुमच्या मुली या वयाच्या असतील तर निघण्याआधी सगळं मोकळेपणाने बोलून ठेवा, पाकीट कुठे आहे ते तिला स्वतः ठेवू द्या, आणि बरोबर जाणाऱ्या ताईंचं नाव घेऊन सांगा, ‘यांना काहीही विचारलंस तरी चालेल.’ तुमच्याआधी त्यांना कळलं तरी चालेल, हेही सांगा. हे शेवटचं म्हणताना जीवावर येतं. तरी म्हणा.

जी मुलं जाऊ शकली नाहीत, त्यांच्याबद्दल पालकांच्या सभेत कुणीच बोललं नव्हतं. मीही नाही. खर्च दोन लाखांच्या घरात होता. लेकीची पाच वर्षांपासूनची मैत्रीण, जिच्याबरोबर ती रोज बसने तालमीला जायची, ती गेली नाही. तिच्या आईने सगळ्यांना सांगितलं, “तिचा क्लास बुडेल.” सगळ्यांना खरं माहीत होतं, त्या मुलीलाही. दोन महिने मी त्या आईला फोन करायचं टाळलं. काय बोलावं ते कळेना, आणि ‘कळेना’ म्हणत मी स्वतःला सोडवून घेतलं.

लेकीने साल्झबुर्गमधल्या मोझार्टच्या जन्मघराचा फोटो पाठवला, पिवळं उंच घर, तेव्हा मला त्याची बहीण आठवली. १७६३ साली लेओपोल्ड मोझार्ट आपल्या दोन मुलांना घेऊन युरोपच्या दौऱ्यावर निघाला. वोल्फगांग सात वर्षांचा, नानर्ल अकराची. दोघंही वाजवायची, दोघांचंही कौतुक व्हायचं. साडेतीन वर्षांच्या त्या प्रवासात हेग शहरात दोघंही पाठोपाठ इतकी आजारी पडली की मरणाच्या दारातून परतली. आणि १७६९च्या डिसेंबरात बाप मुलाला घेऊन इटलीला निघाला, तेव्हा अठरा वर्षांची नानर्ल आईबरोबर साल्झबुर्गला घरी राहिली. भाऊ तिला पत्रं लिहायचा. घरी राहिलेल्या त्या मुलीचे ते दिवस कसे गेले असतील, हे मला आता लेकीच्या मैत्रिणीच्या चेहऱ्यावरून थोडंफार समजतं.

आता आम्ही काही पालकांनी ठरवलंय की पुढच्या दौऱ्याची घोषणा होण्याआधीच एक निधी उभा करायचा. इथल्या एका कार्यक्रमाची तिकिटं, आणि ज्यांना जमेल त्यांनी थोडं जास्त घालायचं. त्यातून कुणाला किती मिळालं ते फक्त एका माणसाला माहीत असेल. मुलांची निवड आवाजावरून होईल आणि पैशांचं बोलणं त्यानंतर मोठ्यांमध्ये होईल. हे आम्ही आधीच करायला हवं होतं. तुमच्या क्वायरमध्ये दौऱ्याची नुसती कुजबुज असेल, तर आताच बोला.

आणि जमत नसेल तर मुलाला खरं सांगा. “यंदा आपल्याकडे एवढे पैसे नाहीत, मला फार वाईट वाटतंय.” हे वाक्य मुलं पेलतात. क्लासचं कारण त्यांना पेलत नाही, कारण मग त्यांनाही आपल्याबरोबर खोटं बोलावं लागतं.

६ जुलैला, रविवारी, आषाढी एकादशी होती. त्याच संध्याकाळी साल्झबुर्गजवळच्या एका गावातल्या चर्चमध्ये मुलांचा कार्यक्रम. निघायच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला आलेल्या असताना, रस्ते बंद, तरी मुलं चालत चालत तालमीला गेली होती. आम्हा पालकांना तो कार्यक्रम थेट मोबाइलवर बघायचा होता. सरांनी नकार दिला. त्या संध्याकाळी मुलांसमोर एकही मोबाइल नको, असं त्यांचं म्हणणं होतं. मला खूप राग आला. एवढे पैसे, एवढी काळजी, आणि बघायलाही मिळू नये?

आमच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजले तेव्हा आम्ही दोघं खिचडीच्या ताटल्या तशाच ठेवून सोफ्यावर बसलो. काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. मी डोळे मिटून तिची मधली ओळ आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. मला वरची चालच येत होती.

ती परतली तेव्हा घसा बसलेला, केस चिकट, डोळ्यांत झोप. विमानतळावर मी विचारलं, “कसं झालं?” “छान.” आजीने विचारलं, “काय काय पाहिलंस?” “खूप.” दोन दिवस झोपली. मग चिडचिड सुरू झाली. आमटी आवडेना, भावाशी पटेना, दिवसभर क्वायरच्या मुलांशी मेसेज. मला वाटलं, बारा दिवसांत घर नकोसं झालं हिला. ती त्या सगळ्यांना शोधत होती, सकाळी उठल्यावर एकदम गायब झालेल्या ३७ जणांना. तिकडे घरची आठवण येत होती तशीच इकडे त्यांची.

या दिवसांत मुलांना नातेवाइकांसमोर उभं करून “म्हणून दाखव ना जरा” असं करू नका, एवढी विनंती. तिची ओळ एकटीने म्हटली तर गाणं वाटतच नाही, आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं ते न समजणं मुलाला लगेच दिसतं. मी हे एकदा केलं. तिने म्हटलं, काकू “छान हं” म्हणाल्या, आणि ती आत निघून गेली.

गोष्टी हळूहळू आल्या, तुकड्या तुकड्याने. रिक्षात, कपड्यांच्या घड्या घालताना, दिवे गेल्यावर. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी मी गवार मोडत होते. ती समोर येऊन बसली, तिनेही मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि आपणहून सांगायला लागली. “आई, त्या चर्चचं छत खूप उंच होतं. आम्ही अभंग संपवला ना, तोंडं बंद केली, तरी तो संपलाच नाही. वरती चालूच होता. सरांनी हात खाली केला नाही. आम्ही सगळे नुसते ऐकत उभे होतो.”

मी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने ती गुणगुणायला लागली, तीच मधली ओळ. मग म्हणाली, “तू वरची चाल म्हण ना, तुला येते.” मी म्हणायला लागले. दुसऱ्याच ओळीला माझा सूर घसरून तिच्या सुरावर गेला. ती थांबली. “माझ्याकडे येऊ नकोस आई, तू तुझंच म्हण.” परत सुरू केलं, परत घसरले. तिसऱ्या वेळी कुकरची शिट्टी झाली. तिने गवारीचा हात वर करून मला थांबवलं, शिट्टी संपेपर्यंत वाट पाहिली, आणि पुन्हा पहिल्यापासून सूर दिला.